स्वच्छता तपासायची कशाने: डोळ्यांनी, एटीपी मीटरने, प्रथिनाच्या स्वॅबने की लॅबच्या प्लेटने?

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीची धुलाई पहाटे चारला आटोपते आणि सहाला लाइन सुरू करायची असते. मधल्या दोन तासांत कुणाला तरी सही करावी लागते की मशीन साफ आहे, माल घ्यायला हरकत नाही. तपासणीची कुठली पद्धत घ्यावी याचा विचार या सहीपासून सुरू करावा, असं माझं मत आहे. प्रत्येक पद्धतीला काही ना काही दिसतंच. पण ते सही करण्याआधी दिसतं का, आणि जे दिसतं तो तुमच्याकडचा खरा धोका आहे का, यावर निवड ठरते. किमतीचा विचार त्यानंतर.

डोळ्यांच्या तपासणीला पैसे पडत नाहीत म्हणून तिला कमी लेखू नका. मळ दिसतोय तिथे स्वॅब (पृष्ठभाग पुसून नमुना घ्यायची काडी) फिरवणं म्हणजे स्वॅब वाया घालवणं. ती जागा आधी पुन्हा धुवायची. फक्त बघायचं नीट. ओलं स्टील नेहमीच चकाकतं, म्हणून पृष्ठभाग कोरडा झाल्यावर टॉर्च तिरकी धरून बघावा. गॅस्केट (सांध्यातली रबरी पट्टी) काढावं, कन्व्हेअरच्या पट्ट्याची खालची बाजू बघावी, स्लायसरच्या पात्यामागचं कव्हर उघडावं, हात फिरवून चिकटपणा लागतो का पाहावा. तरीही चरबीचा पातळ थर किंवा दुधातल्या प्रथिनांची सुकलेली झिलई डोळ्यांतून सुटते, आणि जिवाणू तर दिसतच नाहीत. शिवाय पाहणारा थकलेला असेल तर निकालही थकलेला येतो.

एटीपी मीटर: वेगवान, पण नेमकं काय मोजतो?

सध्या सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते, म्हणून इथे जरा थांबू. एटीपी हा रेणू प्रत्येक जिवंत पेशीत असतो आणि फळं, भाज्या, मांस, दूध अशा बहुतेक अन्नातही असतो. काजव्याच्या प्रकाशासाठी एटीपी लागतं हे अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम मॅकएलरॉय यांनी १९४७ मध्ये दाखवलं. आजचा स्वॅब त्याच रसायनावर चालतो. साधारण १० सेंमी × १० सेंमी जागा पुसायची, स्वॅब नळीत दाबायचा, हलवायचा आणि मीटरमध्ये ठेवायचा. अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा येतो. त्याला आरएलयू (रिलेटिव्ह लाइट युनिट, म्हणजे प्रकाशाचं सापेक्ष माप) म्हणतात. आकडा जास्त आला तर त्याच शिफ्टमध्ये, त्याच माणसाकडून जागा पुन्हा धुऊन घेता येते. त्या सहीच्या दृष्टीने याला तोड नाही.

मात्र हा आकडा जिवाणूंचा नाही. तो उरलेल्या सेंद्रिय मळाचा आहे. एका जिवाणूत एटीपी इतकं किंचित असतं की पृष्ठभागावर शेकडो जिवाणू असूनही मीटर गप्प राहू शकतो. विषाणूंमध्ये एटीपी नसतंच, आणि जिवाणूंच्या बीजाणूंमध्ये जवळजवळ नसतं. उलट फळाचा रस नुसता सांडला असेल तरी आकडा उसळतो. म्हणून मीटर धुलाई झाल्यावर आणि सॅनिटायझर मारण्याआधी वापरणं सगळ्यात बरं. धुलाईने मळ निघाला का, हे त्याला विचारायचं. सॅनिटायझरने जंतू मेले का, हे त्याला विचारू नये. क्लोरीन किंवा क्वाट (अमोनियम गटातलं जंतुनाशक) उरलेल्या पृष्ठभागावर तर प्रकाशाची क्रियाच बिघडते आणि आकडा फसवतो.

मालही बघा. तेल, साखर, अंड्याचा पांढरा बलक यांत एटीपी फार थोडं असतं. उष्णता, आंबवण किंवा साठवण यामुळेही एटीपी तुटून त्याचे एडीपी आणि एएमपी होतात. असा माल असेल तर हे तिन्ही मोजणारा किट मागावा, नाहीतर मळ असूनही मीटर पास देईल.

दोन कंपन्यांच्या मीटरवरचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. एका यंत्रावरचा ५० दुसऱ्यावर वेगळाच दिसेल. त्यामुळे दुसऱ्या कारखान्याची पास-फेल मर्यादा उचलून आणू नये. प्रत्येक जागा अगदी मनापासून धुवून घ्या, वेगवेगळ्या दिवशी निदान दहा रीडिंग घ्या. त्यांची सरासरी ही पासची रेष, आणि सरासरीत प्रमाण विचलनाची (रीडिंग किती वरखाली होतात त्याच्या मापाची) तिप्पट मिळवली की फेलची रेष, अशी रीत बऱ्याच ठिकाणी चालते. गुळगुळीत स्टील आणि चरे पडलेला प्लॅस्टिकचा पाट यांना एकच मर्यादा लावली, तर पाट रोज फेल होतो आणि आठवड्याभरात लोक आकड्याकडे बघणंच सोडतात. आणखी एक बारीक गोष्ट: स्वॅब फ्रिजमध्ये ठेवतात, पण थंडगार स्वॅब तसाच वापरला की त्यातलं प्रकाश पाडणारं विकर (एन्झाइम) मंद चालतं आणि आकडा खोटाच कमी येतो. वापरण्याआधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

प्रथिनाचा स्वॅब आणि अ‍ॅलर्जनची पट्टी

प्रथिनाच्या स्वॅबला मीटर लागत नाही. प्रथिन उरलं असेल तर नळीतला रंग हिरव्याकडून जांभळ्याकडे जातो; साधारण दहा मिनिटं थांबायचं आणि रंग बघायचा. लहान स्वयंपाकघर, बेकरी, मांसाचं दुकान, जिथे यंत्रावर पैसे घालणं परवडत नाही, तिथे हा चांगला पर्याय आहे. पण साखर किंवा तेलाचा मळ त्याला कळणार नाही.

ज्या लाइनवर आधी शेंगदाणा चालतो आणि नंतर शेंगदाणाविरहित माल, तिथे मी फक्त एटीपीवर कधीच विसंबणार नाही. एटीपीचा आकडा शून्याजवळ असूनही अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन) उरलेलं असू शकतं, आणि एखाद्याच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं. इथे त्या विशिष्ट प्रथिनाची पट्टी हवी. तीही काही मिनिटांत रेघ दाखवते. मात्र प्रथिन फार जास्त असेल तर पट्टी उलटी फसते आणि रेघ उमटतच नाही. म्हणून दिसणारा मळ आधी काढायचाच, आणि पट्टी तुमच्याच मालावर, तुमच्याच यंत्रावर चालते का, हे आधी पडताळायचं. खूप तापवलेलं किंवा तोडलेलं प्रथिन काही पट्ट्या ओळखत नाहीत.

लॅबची प्लेट: उशिरा येते, पण जिवाणूंबद्दल तीच बोलते

जिवाणूंची एकूण संख्या मोजायची रूढ आयएसओ ४८३३ पद्धत प्लेट (नमुन्यातले जिवाणू वाढवायची बशी) ३०°से.वर ७२ तास ठेवते. म्हणजे आजच्या सहीला तिचा उपयोग शून्य. तरीही ती टाळता येत नाही, कारण सॅनिटायझर काम करतंय का आणि मुक्कामी जिवाणू कुठे दडून बसलाय, हे सांगणारी तीच. सपाट जागेला ५५ मिमी व्यासाची काँटॅक्ट प्लेट (पृष्ठभागावर थेट दाबायची) सोयीची. फटी, नळ्या, ड्रेन यांना स्वॅब किंवा स्पंज. न्यूट्रलायझर (सॅनिटायझर निष्प्रभ करणारं द्रव्य) असलेलाच स्वॅब मागा, नाहीतर उरलेलं सॅनिटायझर वाटेतच जिवाणू मारतं आणि अहवाल छान येतो. आकड्याचा अंदाज यावा म्हणून: युरोपीय संघाच्या मांस कारखान्यांसाठीच्या २००१ च्या निर्णयात धुऊन-निर्जंतुक केलेल्या पृष्ठभागाला दर चौरस सेंटिमीटरला १० जिवाणू-वसाहती ही मर्यादा होती, आणि एंटेरोबॅक्टेरिएसी (आतड्यांत आढळणाऱ्या जिवाणूंच्या) गटासाठी १.

लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूची गोष्ट वेगळी आहे. तो फ्रिजच्या तापमानालाही वाढतो आणि यंत्राच्या पोटात घर करतो. २००८ मध्ये कॅनडात मेपल लीफ फूड्सच्या मांसामुळे वीसहून जास्त माणसं दगावली. जिवाणू सापडला तो स्लायसर यंत्रांच्या आत खोलवर, जिथे रोजची धुलाई पोहोचत नव्हती. अशा शोधासाठी स्वॅब नुकत्याच धुतलेल्या यंत्रावर घेऊ नये. लाइन तीन-चार तास चालल्यावर घ्यावा, कारण तोवर कंपनाने आणि ओलाव्याने लपलेलं बाहेर यायला लागतं. तयार खायच्या थंड पदार्थांचा कारखाना असेल, तर बाकी कशावर काटकसर करा, यावर नको.

रुग्णालय, ऑफिस, शाळा

इथे प्रश्न बहुधा असा असतो: पलंगाची कड, दाराची मूठ, लिफ्टचं बटण पुसलं गेलं का? त्याला फ्लोरोसंट खूण सोपी. कुणाला न सांगता खूण लावायची आणि दुसऱ्या दिवशी अतिनील दिवा मारायचा. खूण गेली असेल तर तिथे फडकं फिरलं. किती जंतू गेले हे ती सांगत नाही, पण सफाई कर्मचाऱ्यांना शिकवायला मला ती एटीपीपेक्षा बरी वाटते, कारण दिव्याखाली चमकणारी खूण कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. ती पकडायला नव्हे, शिकवायला वापरा, म्हणजे लोकही साथ देतात.

मग घ्यायचं काय?

एकच गोष्ट घेणं जमणार असेल, तर ओल्या, सेंद्रिय मळाच्या लाइनला एटीपी मीटर. अ‍ॅलर्जन बदलणाऱ्या लाइनला पट्टी. लहान स्वयंपाकघराला टॉर्च आणि प्रथिनाचा स्वॅब. लॅबचे स्वॅब महिन्यातून मोजकेच घेतले तरी चालतील, पण जागा अवघड निवडा. टेबलाच्या मधोमध घेतलेले शंभर पास काही सांगत नाहीत. जागा कोण निवडतो हेही बघा: ज्याने धुतलं त्याच्याकडे ते काम देऊ नका, आणि निवडलेली जागा धुलाई संपेपर्यंत कुणाला कळू देऊ नका.

खरेदीआधी फेल आल्यावर काय करायचं ते लिहून ठेवा: कोण लाइन थांबवणार, कोण पुन्हा धुणार, किती वेळ मिळणार. त्यात एक ओळ नक्की असू द्या. फेल आलेल्या जागी न धुता दुसरा स्वॅब घ्यायचा नाही, कारण पहिल्या स्वॅबनेच ती जागा पुसली गेलेली असते, आणि दुसरा आकडा आपोआप कमी येतो.