जुन्या घराचं 'ए टू झेड' काम देताय? आधी हे वाचा

दक्षिण कसब्यातलं आमचं माळवदाचं (लाकूड-मातीच्या सपाट छताचं) घर आतून पूर्ण नवं करायचं होतं. ठेकेदार सोलापुरातलाच. 'मटेरियलसकट ए टू झेड, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी चावी हातात' असा त्याचा शब्द. नमुना म्हणून दाखवला ७१० नंबरचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा. कोटेशनमध्ये मात्र नुसतं 'ब्रँडेड वॉटरप्रूफ प्लाय'.

पहिला डल्ला त्यानं जुन्या मालावर मारला. माळवद उतरवताना निघालेल्या सागवानी तुळया 'वाळवीनं खाल्ल्यात' म्हणून राडारोड्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या, आणि वर ते उचलण्याचे पैसे आमच्याकडूनच घेतले! तुळया उतरवणाऱ्या सुतारानंच नंतर सांगितलं, भिंतीत बसलेली टोकं तेवढी किडली होती. ती कापली असती तर घरातल्या सगळ्या चौकटी त्यातच निघाल्या असत्या. सागवान म्हणून बसवलेली नवी दारं निघाली पॉलिश मारलेल्या हलक्या लाकडाची.

पावसाळ्यात सिंकखालचं कपाट फुगलं. सुटं करून भिंतीकडची बाजू पाहिली, तर शिक्का ३०३ चा, एमआर ग्रेड, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा साधा प्लाय. हा प्लाय कोरड्या जागी चालतो, सतत पाणी लागलं की थर सुटतात. म्हणून सनमायका चिकटण्याआधी प्रत्येक शीटचा शिक्का बघा. आयएसआय खुणेखालचा सीएम/एल (परवाना) नंबर 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं.

भिंतींचं तर विचारूच नका. दगडमातीच्या भिंतीतली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते, सिमेंट ती आत कोंडतं. यानं पैसे घेतले चुन्याचे, मारलं सिमेंट. महागाच्या टेक्स्चर पेंटचे आता पोपडे निघतायत. जाब विचारला तर म्हणे, "साहेब, तुम्ही रोज येऊन बघत होता की."

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही; तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते. नमुन्याचे फोटो आणि यूपीआयच्या नोंदी जोडल्यात.

परवा त्याचा फोन आला. तक्रार मागे घ्या, टीव्ही युनिट फुकट करून देतो म्हणाला. कुठल्या प्लायमध्ये, एवढंच विचारलं. त्यानं फोन ठेवला.