चकलीचा भाव: खर्चावर टक्के लावायचे की रेषा काढून डेरिव्हेटिव्ह घ्यायचा?

दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हटलं की भावापाशी गाडी अडते. रस्ते दोन, खर्चावर टक्के चढवा नाहीतर मागणीची रेषा (कुठल्या भावाला किती खपेल ती) काढून कॅल्क्युलस लावा. (शेजारणीपेक्षा १० रुपये कमी हा तिसरा, पण तो तिच्या खर्चाचा भाव झाला, तुमच्या नाही.)

आकडे सोयीचे घेतो. भाजणी, तेल, गॅस, पिशवी धरून चकली किलोला २६० ला पडते, ४०० भावाला १२० किलो खपते आणि ४८० ला ८० किलो.

टक्केवाला हिशोब तोंडी होतो, ४० टक्के चढवले की ३६४, विषय संपला. किलोमागे तोटा नाही हे नक्की. पण ४०च का? सगळे लावतात म्हणून! गिऱ्हाईक यात कुठेच नाहीये.

रेषेत गिऱ्हाईक येतं. ८० रुपये वाढले तर ४० किलो घटली, म्हणजे रुपयामागे अर्धा किलो, म्हणून विक्री = ३२० − ०.५ × भाव, आणि नफा = (भाव − २६०) × (३२० − ०.५ × भाव). याचा डेरिव्हेटिव्ह (भाव जरासा वाढवला की नफा किती वेगाने बदलतो तो आकडा) येतो ४५० − भाव, तो शून्य धरला की भाव ४५०, आणि दुसरा डेरिव्हेटिव्ह (म्हणजे डेरिव्हेटिव्हचाच डेरिव्हेटिव्ह) उणे आहे म्हणजे हे शिखरच, खड्डा नाही. ४५० ला ९५ किलो जाते, नफा १८,०५०. ३६४ ला १३८ किलो तळून हातात १४,३५२. ४३ किलो कमी तळायची आणि ३,६९८ जास्त, कंबर वाचली ती वेगळीच.

डेरिव्हेटिव्हची भीती वाटत असेल तर विक्री शून्यावर येते तो भाव (६४०) आणि खर्च (२६०) यांचा मध्य काढा, तेच ४५०. रेषा सरळ असली की एवढंच.

ही आयडिया जुनी आहे बरं का, कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८३८ मध्ये खनिज पाण्याच्या झऱ्याचा मालक घेऊन मांडली. त्याच्या झऱ्याला खर्च नव्हता, म्हणून तिथे गल्ला मोठा म्हणजे नफा मोठा. आपल्याकडे तेल ओतावं लागतं! गल्ला सगळ्यात मोठा ३२० ला होतो, ५१,२०० चा, आणि नफा उरतो फक्त ९,६००. इथे लय जण फसतात.

तेल महागून खर्च २८० झाला तर टक्केवाला २८ रुपये वाढवतो, रेषा म्हणते १० च वाढवा. मशीनचा हप्ता मात्र भावात येतच नाही, कितीही विकलं तरी तो तेवढाच, म्हणून डेरिव्हेटिव्ह घेताना उडून जातो, धंदा करायचा की नाही हे ठरवताना तेवढा धरायचा.

रेषेची खोट म्हणजे तिचे दोन ठिपके. एक दिवाळीचा आणि एक जूनमधला घेतला तर कॅल्क्युलस कितीही बरोबर असो, भाव चुकणारच. पण ४५० च्या आसपास नफा जवळजवळ सपाट असतो, ४४० लावला तरी फक्त ५० रुपये जातात, त्यामुळे अंदाज थोडा हलला तरी फार बिघडत नाही.

पहिलंच वर्ष असेल, विक्रीचा काहीच आकडा नसेल, तर टक्के लावून सुरुवात करा आणि वहीत लिहीत जा. दोन भावांचे आकडे हातात आले की मी तरी डोळे झाकून रेषा घेईन. फक्त एक बघा, घरात ८० किलोच निघत असेल तर ४५० विसरा आणि ४८० लावा, त्या भावाला ८० च जाणारे.