ई-कोर्ट्सवर खटला शोधताना: कोल्हापूरच्या एका पक्षकाराचा अभिप्राय

आमच्या घरातील वाटपाचा दावा कागलच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. पूर्वी पुढची तारीख कळावी म्हणून वडील सकाळची एसटी पकडून कोर्टात जात आणि बोर्डावर नाव शोधत उभे राहत. गेली काही वर्षे हे काम मी ‘ई-कोर्ट्स सर्व्हिसेस’ या संकेतस्थळावर आणि त्याच नावाच्या मोबाइल ॲपवर करतो. ही सेवा विनामूल्य आहे, तिच्यासाठी खाते उघडावे लागत नाही, आणि खटल्यात पक्षकार नसलेल्या माणसालाही ती तितकीच खुली आहे.

या सेवेचा प्राण म्हणजे सीएनआर क्रमांक. प्रत्येक खटल्याला मिळणारा हा सोळा अक्षरांकांचा क्रमांक एकदा हाती आला की राज्य, जिल्हा, न्यायालय यांपैकी काहीही निवडावे लागत नाही. वादी-प्रतिवादी, वकील, खटला कोणत्या टप्प्यावर आहे, पुढची तारीख आणि मागील सर्व तारखा एकाच पानावर दिसतात. मागील तारखेवर बोट ठेवले असता त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, उघडतो. पक्षकाराच्या दृष्टीने मला हीच सर्वांत मोलाची सोय वाटते, कारण ‘तारीख पडली’ एवढ्या एका वाक्यामागे साक्षीदार गैरहजर होता, म्हणणे दाखल व्हायचे होते की न्यायाधीश रजेवर होते, हे त्यातून समजते. ॲपमध्ये खटला जतन करून ठेवता येतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना 9766899899 या क्रमांकावर ‘ईकोर्ट्स’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे सीएनआर पाठवला की माहिती संदेशाने मिळते. चंदगड, आजऱ्यासारख्या दूरच्या तालुक्यांतील माणसाच्या किती खेपा यामुळे वाचतात, हे वेगळे सांगायला नको.

सीएनआर ठाऊक नसेल तर मात्र चिकाटी लागते. पक्षकाराच्या नावाने शोधण्यासाठी किमान तीन अक्षरे, नोंदणीचे वर्ष आणि खटला प्रलंबित आहे की निकाली, हे द्यावे लागते. नावे रोमन लिपीत नोंदवलेली असल्याने एकच ‘चौगुले’ आडनाव तीन-चार प्रकारे लिहिलेले सापडते, आणि एका अक्षराच्या फरकाने समोरचा खटला ‘नोंद नाही’ असा भासतो. म्हणून पूर्ण नाव न लिहिता नावातील ज्या भागाविषयी शंका नाही तेवढाच भाग टाकावा, आणि एकेक वर्ष बदलत पाहावे. दुसरी गोष्ट न्यायालय संकुलाची. जिल्हा कोल्हापूर निवडला तरी कागल, गडहिंग्लज, इचलकरंजी, जयसिंगपूर ही संकुले वेगवेगळी आहेत. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात शोधून तालुक्याचा दावा दिसत नाही, म्हणून तो अस्तित्वातच नाही असे समजू नये.

जमीन घेणाऱ्यांनी खरेदीखतापूर्वी विक्रेत्याचे आणि त्याच्या भाऊबंदांचे नाव येथे अवश्य पाहावे. मात्र गट नंबर टाकून शोधण्याची सोय या सेवेत नाही, आणि जिथे अर्धे तंटे जमिनीचेच आहेत अशा आपल्या भागासाठी ही मला मोठी उणीव वाटते. तहसीलदार व प्रांताधिकारी यांच्यासमोरील महसुली प्रकरणेही येथे येत नाहीत, तेव्हा येथे काही न सापडणे म्हणजे जमीन निर्वेध असल्याची खात्री नव्हे. 2023 मध्ये ही सेवा ज्याचा भाग आहे त्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी 7,210 कोटी रुपये मंजूर झाले आहेत. त्यातून जुन्या निकाली खटल्यांचे कागदही शोधण्याजोगे व्हावेत, अशी माझी मनापासून अपेक्षा आहे.

उच्च न्यायालयाचा शोध स्वतंत्र आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयासमोरील जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना मुंबईची वाट धरण्याची गरज उरली नाही. तेथील प्रकरण शोधताना वकिलांना एक प्रश्न आधीच विचारून घ्यावा: हाती असलेला क्रमांक स्टॅम्पचा आहे की नोंदणीचा? दाखल होताना मिळालेला स्टॅम्प क्रमांक नोंदणीच्या रकान्यात टाकला तर आपले प्रकरण मिळत नाही, आणि नवख्या माणसाचा सर्वाधिक वेळ येथेच जातो.

संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला आदेश वाचण्यापुरता आहे. बँकेत, तलाठ्याकडे किंवा वरच्या न्यायालयात तो सादर करायचा असेल तर रीतसर अर्ज करून प्रमाणित नक्कलच घ्यावी लागते. मात्र त्या अर्जात लागणारा खटल्याचा क्रमांक आणि आदेशाची तारीख येथून बिनचूक उतरवून घेता येते, म्हणजे नक्कल विभागातून अर्ज परत येत नाही.