ट्रकच्या एसीचा क्लच बदलून सात महिने झाले

एप्रिलमध्ये आमच्या दहाचाकीचा एसी रुसू लागला. सकाळी इंदूरच्या लसूड्याहून निघताना केबिन गारेगार, पण मानपूर सोडून घाट उतरला की नुसत्या गरम झळा. गॅस भरून घेतला, पैसे गेले, दोन दिवसांनी परत तेच.

खरी खोड चालकाने पकडली. तो शिरपूरचा. सेंधव्याला गाडी उभी करून वाकून पाहतो तर पट्ट्यावर पुली फिरतेय, पण पुढची प्लेट जागची हलत नाही. त्याने काठीने प्लेट जराशी ढोसली, तशी ती टक्कन चिकटली आणि गार हवा सुरू. फोनवर म्हणतो, "भाऊ, कंप्रेसर चांगलाय, क्लच धरत नाहीये." क्लच म्हणजे पट्ट्यावरची पुली आणि गॅस दाबणारा कंप्रेसर यांना जोडणारा भाग. त्याच्या कॉइलला करंट मिळाला की तिचं चुंबक होतं आणि ते प्लेटला पुलीवर ओढून चिकटवतं. (चालत्या पट्ट्यात काठी घातली म्हणून आधी त्याला झापलं. तुम्ही हे करू नका.)

इंदुरात एका वर्कशॉपने न उघडताच अख्खा कंप्रेसर सांगितला, बावीस हजार. मग देवास नाक्यावरच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातली. पुली आणि प्लेटमध्ये फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास हवी, आमची सव्वा निघाली. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, करंट कमी होतो आणि चुंबकाची ओढ घटते. एवढी फट मग तिला ओलांडवत नाही. म्हणून सकाळी चालायचा, दुपारी नाही.

नुसता एक शिम (प्लेटमागची पातळ चकती) काढूनही फट कमी झाली असती. पण प्लेट घसरून घसरून निळी पडली होती आणि एसी बंद असतानाही पुली किरकिरत होती. एसी बंद असताना आवाज म्हणजे पुलीचं बेअरिंग. फक्त चालू असताना आला तर कंप्रेसरच्या आत बघा. शेवटी कॉइल, पुली, प्लेट असा पूर्ण सेट टाकला, चोवीस व्होल्टचा. क्लच शाफ्टवर बाहेरच बसतो, त्यामुळे गॅस सोडावा लागला नाही. अडीच तास, मजुरीसकट ५,८०० रुपये.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, निभावला, आणि तोही दुपारच्या फेऱ्यांत. जुलैत एकदा बंद पडला तेव्हा पोटात गोळा आला, पण क्लच ठीक होता. रिलेचे (कॉइलला करंट देणाऱ्या स्विचचे) पॉइंट काळे पडून कॉइलला जेमतेम एकोणीस व्होल्ट पोचत होते. रिले बदलला, विषय संपला. आता कंडेन्सर (गॅस गार करणारी जाळी) पंधरा दिवसांनी पाण्याने धुतो. तो धुळीने बुजला की प्रेशर चढतं आणि क्लच घसरायला लागतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, म्हणजे ही दुखणी आता बऱ्याच जणांच्या वाट्याला येणार.

तक्रार एकच. सेट स्वस्तातला घेतला. गेल्या आठवड्यापासून पुली पुन्हा बारीक आवाज करतेय, एसी बंद असताना. म्हणजे बेअरिंगच. चारपाचशे जास्त देऊन चांगलं घ्या, असं मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते. मीच ऐकलं नाही.