जिओ फॅब्रिकच्या ग्रो बॅगा: पावसाळा ते मे, कोथरूडच्या टेरेसवरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर मी जिओ फॅब्रिकच्या, म्हणजे जाड कापडी ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या) घेतल्या. आता मे संपत आलाय. पुण्याचे तिन्ही ऋतू त्यांनी काढलेत, म्हणून ठामपणे लिहिते: पावसाळ्यात आणि थंडीत यांना तोड नाही. मार्च लागला की मात्र पाण्याची तयारी असेल त्यानेच घ्याव्यात.

आधी आकाराबद्दल, कारण दुकानात सगळे किंमत बघतात आणि आकार कुणी बघत नाही. ९ बाय ९ इंचांच्या बॅगेत जेमतेम साडेनऊ लिटर मिश्रण मावतं, १२ बाय १२ मध्ये २२ आणि १५ बाय १५ मध्ये जवळजवळ ४३. तीनच इंच वाढले, पण मुळांना जागा दुपटीच्या आसपास मिळाली. वांगी, टोमॅटोला १५ चीच द्या. मिरचीचं १२ मध्ये छान भागतं. मेथी, शेपू, कोथिंबिरीला खोली नको, पसरट बॅग हवी.

कापडाचा खरा गुण मुळांत दिसतो. प्लास्टिकच्या कुंडीत मूळ कडेला पोचलं की भिंत धरून गोल फिरत बसतं. इथे कापडापर्यंत आलेलं टोक हवेने सुकतं आणि मागून नवी तंतुमुळं फुटतात. वांग्याचं झाड संपल्यावर मी मुळांचा गड्डा फोडून पाहिला. सगळीकडे बारीक मुळांची जाळी होती, गुंडाळलेलं मूळ एकही नव्हतं. जुलैच्या झडीतही पाणी तुंबलं नाही; चारी बाजूंनी झिरपून गेलं. तुळस आणि मिरची त्यामुळेच वाचल्या असं मला वाटतं.

नुसती काळी माती मात्र भरू नका. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, शिवाय वजन भलतंच. मी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पोयट्याची माती आणि गांडूळखत साधारण सारखं घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. मोठी बॅग निव्वळ ओल्या मातीने भरली तर ६० किलोंच्या पुढे जाते. राहत्या घराच्या स्लॅबला साधारणपणे चौरस मीटरमागे २०० किलोंचा भार धरलेला असतो, तेव्हा बॅगा मधोमध न मांडता भिंतीकडेने, बीमजवळ ठेवलेल्या बऱ्या. कोकोपीट आधी भिजवून दोनदा निथळून घ्या. नाहीतर सुरुवातीचे काही आठवडे तपकिरी पाणी गळतं आणि फरशीवर डाग पडतात, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरही.

आता उन्हाळा. कापडाच्या अंगातून पाणी उडून जातं, त्यामुळे एप्रिलमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावंच लागतं. पाणी जड असेल तर बाहेरून क्षारांचा पांढरा थर धरतो. तो ब्रशने निघतो. वर उसाचं पाचट किंवा सुका पाला पसरला की ओल बरीच टिकते. टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा आला तर औषधं मारत बसू नका. पाणी कधी भरपूर, कधी अजिबात नाही, असं झालं की फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्यातून तो येतो. पाणी नियमित करा, पुढची फळं नीट धरतात.

ऊन किती मिळतं ते महिन्यागणिक बदलतं, हे आधी कुणी सांगत नाही. माझं टेरेस दक्षिणेकडचं, वर वरच्या मजल्याचा स्लॅब. डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या जरा उत्तरेला असतो, त्यामुळे त्या दिवसांत दुपारचं थेट ऊन इथे येतच नाही. म्हणून टोमॅटोची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लावावीत, आणि हे मधले महिने पुदिना, गवती चहा, अळू यांना द्यावेत. अळूला तर ती सावलीच मानवते. कोथिंबीर थंडीतली खरी. उन्हाळ्यात पानं भरायच्या आत फुलावर येते.

भेंडीसाठी परभणी क्रांतीचं बी घ्या. पांढऱ्या माशीमुळे येणारा केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, ही जात बराच सोसते. रोपं मी सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांतून आणते; सोलापूर रस्त्याने तेवढं लांब जाणं वसूल होतं, कारण तिथे रोप हातात घेऊन, पान उलटून बघता येतं.

पुन्हा घ्यायच्या तर १५ च्याच घेईन, पण कान दुहेरी शिवलेले बघून. माझ्या दोन बॅगांचे कान भरलेली बॅग सरकवताना उसवले. कापडाला मात्र वर्षभरात कुठे भोक नाही. पुदिना, कढीपत्ता यांसारखी कायमची झाडं मी एचडीपीईच्या, म्हणजे प्लास्टिकच्या साध्या बॅगांत हलवतेय. त्यांत ओल जास्त टिकते आणि गावाला जायचं झालं तर शेजारच्या काकूंना दिवसातून एकदाच पाणी घालावं लागतं.