गुडघ्याची झीज: मशीन की व्यायाम?

खानापूर-निपाणीहून बेळगावला फिजिओथेरपीचं मशीन गुडघ्याला लावायला यावं की घरी व्यायाम करावा, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो.

पुरावा व्यायामाच्या बाजूनं आहे. कोणते उपचार द्यावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिका गुडघ्याच्या झिजेला अल्ट्रासाऊंड (ध्वनिलहरींचं मशीन), आयएफटी (सौम्य विजेच्या प्रवाहाचं मशीन) देऊच नका म्हणते. खर्चही उघड आहे: मशीनला फी, बसभाडं, बुडालेली मजुरी, व्यायामाला एक खुर्ची.

मेहनत मात्र व्यायामालाच जास्त. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, असे दोन-तीन फेरे, एक दिवसाआड. सुरुवातीला दुखतं, म्हणून लोक चार दिवसांत सोडतात. दुखणं दुसऱ्या दिवशी उतरलं तर चालू ठेवा. नाही उतरलं तर खुर्चीवर जाड उशी टाका, म्हणजे गुडघा कमी वाकतो. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

हिंडत्या-फिरत्या माणसाला व्यायामच. शेकानं बरं वाटत असेल, तर घरची गरम पाण्याची पिशवी पुरे. उठताना तोल जाणाऱ्यांनी फिजिओसमोरच सुरुवात करावी. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, तर दोन्ही थांबवून आधी डॉक्टर गाठा.