एप्टेशियावर चुन्याची पेस्ट आणि पेपरमिंट श्रिम्प: छोट्या टाकीतला काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो. माझ्या 60 लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या कोरल ठेवलेल्या टाकीत, आज समोरून बघितलं तर एकही एप्टेशिया (दगडाला चिकटून वाढणारा उपद्रवी समुद्री प्राणी) दिसत नाही. मागच्या दगडाच्या सावलीत एखाद-दुसरा बारका आहे, आणि तो राहणारच. छोट्या टाकीत हा प्राणी आटोक्यात ठेवता येतो. समूळ जाईल या आशेवर कुणी पैसे घालू नयेत.

ज्यांना ओळखता येत नसेल त्यांच्यासाठी: तपकिरी, काचेसारखं अंग असलेला, लांब बारीक शुंडकांचा छोटा अ‍ॅनिमोन. डिवचला की क्षणात फटीत गडप होतो. शेजारच्या कोरलला डंख मारून त्याची जागा बळकावतो. अंगात शैवाल पाळत असल्यामुळे नुसत्या प्रकाशावरही तग धरतो, त्यामुळे खाणं तोडून तो मरत नाही. बोथट, फुगीर टोकांची आखूड शुंडकं दिसली तर तो माजानो, एप्टेशियाचाच एक उपद्रवी भाऊबंद. पेपरमिंट श्रिम्प, म्हणजे एप्टेशिया खाणारी छोटी कोळंबी, माजानोच्या वाटेला सहसा जात नाहीत.

इथं कोल्हापुरात राजारामपुरीतला एक मित्र नेहमी म्हणतो, "दादा, एवढं कशाला? ब्लेडनं खरवडून टाक की!" नेमकं हेच करायचं नाही. एप्टेशियाच्या तळव्याचा तुकडा दगडावर राहिला, तर त्याच तुकड्यातून नवा प्राणी उभा राहतो.

मोठ्या एप्टेशियांसाठी मी चुन्याची पेस्ट वापरतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची शुद्ध पावडर थोड्याशा आरओ पाण्यात टूथपेस्टइतकी घट्ट कालवून. पानाच्या डबीतला चुना चालेल का, असं इथं हमखास विचारतात. रसायन तेच, पण त्या डबीत आणखी काय मिसळलंय ते कळत नाही, म्हणून मी प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून पावडर आणतो. हातमोजे आणि चष्मा लागतोच, ही वस्तू कातडी आणि डोळे भाजते.

खरं कौशल्य पेस्ट टाकण्यात आहे. वेव्हमेकर (पाण्यात लाटा करणारा पंप) आणि रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टाकीत परत आणणारा) दोन्ही बंद. पाणी थांबलं की एप्टेशियाजवळ गोठवलेल्या आर्टेमियाचा (माशांना खायला देतात ते बारीक कोळंबीसारखे जीव) कण सोडतो, म्हणजे तो पूर्ण उघडतो. मग बोथट सुईची सिरिंज शुंडकांना न लावता वरून धरायची आणि पेस्ट सावकाश तोंडावर उतरू द्यायची. शुंडकं आधी खाणं समजून तिला कवटाळतात, मग सगळा देह आत दुमडतो. तेवढ्यात वरून आणखी एक थर देऊन ती फटच लिंपून टाकायची. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू. घाई केली तर पांढरा भुगा उडून शेजारच्या झोआवर (गुच्छानं वाढणारा कोरलसारखा प्राणी) बसतो.

छोट्या टाकीत एक गोष्ट जिवापाड सांभाळावी लागते, ती म्हणजे पीएच. चुन्याच्या संपृक्त पाण्याचा पीएच 12 च्या वर जातो आणि आपल्या टाकीचा असतो 8 च्या थोडा वर. मोठ्या टाकीत जे पचतं, ते 60 लिटरमध्ये मासे गमावायला पुरेसं आहे. म्हणून एका बैठकीत दोन-तीनच एप्टेशिया, मग काही दिवस विश्रांती आणि अल्कलिनिटीची (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या प्रमाणाची) चाचणी. रेड सी कंपनीचं एप्टेशिया-एक्स हे तयार औषध मी याआधी वापरलंय, तेही चोख काम करतं. पेस्ट फक्त स्वस्त पडते.

बारक्या एप्टेशियांचा बंदोबस्त पेपरमिंट श्रिम्पकडे. मुंबईहून रात्रीच्या बसनं पार्सल येतं आणि पहाटे तावडे हॉटेलच्या थांब्यावर उतरवून घ्यावं लागतं. घरी आणून थेंबाथेंबानं टाकीचं पाणी पिशवीत मिसळत दीड-दोन तास घालवावेत. खारटपणातला अचानक बदल श्रिम्पना सोसत नाही. एकदा एका विक्रेत्यानं पेपरमिंट म्हणून चक्क कॅमल श्रिम्प, म्हणजे दिसायला तशीच दुसरी कोळंबी, पाठवले. पिशवी उजेडात धरली की फरक कळतो: पेपरमिंटचं अंग अर्धपारदर्शक, त्यावर बारीक लाल रेघा, कॅमलच्या पाठीला बाक आणि लाल पट्ट्यांमध्ये ठळक पांढऱ्या रेघा-ठिपके. कॅमल एप्टेशिया साफ करत नाही, उलट झोआ आणि मऊ कोरल कुरतडतो. मी पिशवी न उघडता परत पाठवली.

खरे पेपरमिंट दिवसभर दगडाखाली दडून असतात. टाकीचे दिवे बंद झाल्यावर लाल उजेडाची बॅटरी लावून बघितलं, तेव्हा एकजण टाचणीच्या डोक्याएवढ्या एप्टेशियाला पुढच्या पायांनी उपटत होता. सकाळी ती जागा रिकामी! त्या रात्री जो आनंद झाला तो अजून ताजा आहे. मोठ्या एप्टेशियाला मात्र ते हात लावत नाहीत, आणि माशांचं खाणं उरत असेल तर बारक्यांकडेही ढुंकून बघत नाहीत. म्हणून मी खाणं मोजकं केलं, आणि खरा फरक त्यानंतर पडला.

बाकी उपाय थोडक्यात. एप्टेशिया खाणारा कॉपरबँड बटरफ्लायफिश एवढ्या टाकीत कोंडणं अन्याय आहे, त्याला निदान चारशे लिटर पाणी हवं. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, त्यामुळे तो संपला की ती उपाशी मरते. शिवाय मला ती कुठं मिळालीच नाही. लिंबाचा रस सिरिंजनं टोचून पाहिला, पण दोनातला एक पुन्हा उगवला.

नवीन फ्रॅग (वाढवायला आणलेला कोरलचा तुकडा) आला की आता त्याच्या बुडाचा प्लग, म्हणजे तो चिकटवलेली छोटी बैठक, फोडून टाकतो, कोरलचा तुकडा भिंगाखाली उलटसुलट बघतो आणि कोऱ्या प्लगवर चिकटवतो. बहुतेक एप्टेशिया जुन्या प्लगच्या बुडाशी बसूनच घरात शिरतो. गोड्या पाण्यात बुडवून तो मरेल याची खात्री धरू नका. वेगळ्या बादलीत हीटर आणि एअरस्टोन लावून फ्रॅग महिनाभर ठेवायची सोय असेल तर तेच करा. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, म्हणून त्या बादलीला बॅटरीवरचा एअरपंप जोडून ठेवलाय.